मदत हवी आहे: उन्हानं दूध घटलं, कोणतं सप्लिमेंट चालू करू?

माळावरचा गोठा: लवकर सांगा राव. दुधाचं फॅट ३ टक्क्यांच्या खाली गेलंय, डेअरीत दराला कट बसतोय. दुकानदार यीस्ट (पचनासाठीची पावडर) म्हणतो, शेजारी बायपास फॅट (पोटात न फुटता पुढं आतड्यात पचणारी चरबी). नक्की काय घेऊ?

तात्या: गाई किती? एचएफ (होल्स्टिन) का जर्सी? व्याल्या कधी? खायला काय?

माळावरचा गोठा: एचएफच, चार. मुरघास (आंबवलेला हिरवा चारा), कडबा, गोळी पेंड. दुपारी धापा टाकतात, लाळेच्या तारा पार गव्हाणीत. सप्लिमेंटचं विचारलं होतं.

पाचटवाला: लाळेबरोबर सोडा जातो, रवंथ मंदावतो, पोटात आम्ल वाढतं, फॅट तिथंच पडतं. खायचा सोडा दिवसाला १०० ते १५० ग्रॅम, दोन वेळच्या पेंडीत वाटून. मीठ, मिनरल मिक्श्चर आहेच ना?

डेअरीमॅन: सोड्यानं भागत नाही. बायपास फॅट घाला. गाय खातच कमी, तेवढ्यातच जास्त ताकद मिळते आणि पचताना उष्णताही कमी.

पाचटवाला: ताज्या व्यालेल्या, भरपूर दुधाच्या गाईला ठीक. आटत आलेल्या गाईला घालून दुकानदार पोसायचा का?

देशीप्रेमी: एचएफ पाळायचीच कशाला? गीर घ्या.

तात्या: त्यांनी गाय विकत मागितली नाही. गोठेवाले, वर पत्रा आहे का? पाणी किती वेळा दाखवता?

माळावरचा गोठा: पत्राच. पाणी तीनदा.

तात्या: मग सप्लिमेंटचे डबे नंतर घ्या. दुधाची गाय उन्हाळ्यात शंभर लिटरच्या घरात पाणी पिते. सावलीत टाकी, दिवसरात्र भरलेली. पत्र्यावर पाचट टाका. कडबा रात्री, दुपारी नको. बंद गोठ्यात पंख्याशिवाय फॉगर (पाण्याचा बारीक फवारा) लावू नका, दमट होऊन जास्त धापतात. आणि ताप मोजा, पहाटेचा पण.

माळावरचा गोठा: तिघींचा संध्याकाळी १०३, पहाटे १०१.५. चौथीचा १०६, पहाटेही उतरला नाही. खांद्यापुढं लिंबाएवढी गाठ आलीय. गोचीड थोडेफार आहेत.

पाचटवाला: ही गोष्ट आधी सांगायची! हे नुसतं ऊन नाही, गोचीडताप (गोचिडांमुळं होणारा रोग) असू शकतो. आजच डॉक्टर बोलवा, रक्त तपासून घ्या. तिला सोडा-बिडा काही नको.

माळावरचा गोठा: डॉक्टर येतायत. बाकीच्या तिघी सोड्याची पेंड हुंगून सोडतात, काय करू?

डेअरीमॅन: मुरघासात कालवा, थोड्यापासून सुरुवात करा.

देशीप्रेमी: गीरला गोचीड पण कमी लागतात.