सराईत कोण, हे ठरवायचे कशावरून?

कारागृह सुधारणेच्या चर्चेत दोन मुद्दे आले: सराईत, म्हणजे वारंवार गुन्हे करणाऱ्या, आणि प्रथमच आलेल्या बंद्यांना (कैद्यांना) पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे, आणि सुटकेनंतरचे नियोजन आधीच करावे. पहिला मुद्दा मान्य आहे. मात्र सराईत कोणाला ठरवायचे आणि कशाच्या आधारे, हे चर्चेत आलेले नाही, आणि सोलापूरकरांनी तरी ते नजरेआड करू नये. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार मानणाऱ्या ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथल्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना सक्तीने ठेवण्याच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड राहणाऱ्या कुटुंबांना हजेरी द्यावी लागे, ती त्यांच्या जन्मावरून, कोणी काही केले म्हणून नव्हे. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी काही राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत ती दृष्टी टिकून राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. वर्गीकरण व्हायचे तर ते सिद्ध झालेले गुन्हे, आरोग्य आणि शिक्षण यांवरून व्हावे.

सुटकेनंतरच्या नियोजनाबाबत एवढेच जोडतो की, माझ्या परिचयातील एका टॉवेल कारखान्यात कारागृहातच माग शिकलेला एक जण कामाला लागला. तुटलेला धागा जोडण्यात त्याचा हात इतरांपेक्षा चलाख होता, पण चालू बँक खाते आणि अद्ययावत आधार नसल्यामुळे त्याची मजुरी जॉबरच्या, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमाच्या, खात्यावर जमा होई आणि त्यातून काही कापूनच (अर्थात तोंडी हिशेबाने) त्याच्या हातात पडे. ही कागदपत्रे सुटकेपूर्वी काही महिने, बंदी आत असतानाच, पूर्ण करून घेता येतात.