लग्नसराईचा माल एकदम भरावा की थोडा थोडा? (झाराच्या ओर्तेगांबद्दल वाचलं म्हणून विचारते)

कृष्णाकाठ:
कराडला माझं लेडीज वेअरचं छोटं दुकान आहे, मुख्यतः कुर्त्या. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचा होलसेलवाला म्हणतोय, पूर्ण लॉट उचला, पीसमागे ४० रुपये कमी लावतो. पण दिवाळीचा माल अजून रॅकवर आहे, त्यामुळे हात धजत नाही. झारा ही कपड्यांच्या दुकानांची साखळी उभी करणारे अमान्सिओ ओर्तेगा माल थोडाच आणायचे, असं वाचलं. एवढ्या मोठ्या माणसाचं गणित आमच्या दहा बाय पंधराच्या गाळ्यात चालतं का? अनुभवी मंडळींनी सांगावं.

जुना कापडवाला, सांगली:
ताई, नक्की चालतं. तो माणूस काउंटरवरूनच वर आलाय. जन्म १९३६चा, वडील रेल्वेत. घरात एवढी ओढाताण की किराणावाल्यानं आईला उधारी नाकारली. मुलानं ते कानांनी ऐकलं आणि शाळा सोडून स्पेनमधल्या ला कोरुन्यात शर्टांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला, असं सांगतात. १९६३ मध्ये स्वतःचा कारखाना काढला. बायकांनी घरात घालायचे जाड गाऊन शिवायचे, दुकानातल्या महाग मालासारखेच पण परवडणारे.

तुमच्या कामाची हकिगत पुढे आहे. एका जर्मन व्यापाऱ्यानं मोठी ऑर्डर ऐनवेळी रद्द केली आणि तयार माल अंगावर आला. तो खपवायची सोय हवी म्हणून त्यांनी दुकानाचा विचार केला, असं म्हणतात. ते १९७५ साली ला कोरुन्यात उघडलेलं पहिलं झारा. पुढे सगळा धंदा त्यांनी याच धोक्याभोवती रचला. काय खपलं, गिऱ्हाईक काय मागून परत गेलं, हे दुकानाचे मॅनेजर मुख्यालयाला कळवतात. आठवड्यातून दोनदा नवा माल दुकानांत जातो. बरेच कपडे स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को अशा जवळच्या ठिकाणी शिवले जातात. लांबून मजुरी स्वस्त पडली असती, पण माल यायला महिने गेले असते आणि तोवर फॅशन बदलली असती.

आता तुमचा लॉट बघू. एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल असा चार पीसचा सेट येतो. आपल्याकडे डबल एक्सएल आधी संपतो आणि एम राहतो. सेटमागे तुमचे १६० रुपये वाचले आणि ३८० चा एक एम रॅकवर बसला, तर उरलं काय? शिवाय तो हँगर अडवतो ते वेगळंच.

आमच्या दुकानात गल्ल्याजवळ वही असते. जे मागितलं आणि नव्हतं, ते लगेच लिहायचं: 'थ्री-फोर्थ बाही, खिसा हवा', 'खणाची पण अस्तर लावलेली'. खरेदीला जाताना तीच वही सोबत. होलसेलवाला डिझाइन दाखवायला लागला की आधी वही उघडायची. मुलगा दुकान बघतो आता, वही मात्र चालू आहे.

निळी बॉबिन:
मी कुर्त्या शिवून देते, म्हणून थोडं जोडते. ओर्तेगांच्या पहिल्या पत्नी रोसालिया मेरा शिवणकाम करत मोठ्या झाल्या होत्या आणि सुरुवातीपासून धंद्यात होत्या. त्यांचं नाव अशा चर्चेत राहून जातं, याचं मला वाईट वाटतं. ला कोरुन्या ज्या भागात आहे त्या गॅलिशियातल्या बायकांनी गावोगावच्या सहकारी गटांत शिवलं, तेव्हा त्या मालाला वेग आला. ताई, वर सांगितलेल्या वहीतली खिशाची कुर्ती गावातल्याच टेलरकडे वीस पीस शिवून बघा. पण मजुरी पीस घेतानाच द्या. माल विकल्यावर देते म्हणालात, तर लग्नसराईत तुमचं काम सगळ्यात शेवटी होईल.

कृष्णाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. एम सोडून तीनच साइज देतो का विचारलं, तर तो सेट फोडायला तयार नाही. बदली करून देईन म्हणतो. यावर विसंबावं का?

जुना कापडवाला, सांगली:
किती दिवसांत आणि किती पीस बदलणार, हे बिलावरच लिहून घ्या. लिहायला तयार नसेल तर त्याच बाजारात पुढच्या गाळ्यात विचारा. चालू सीझनमध्ये रोख देणाऱ्याला सेट फोडून देणारे मिळतात. दर थोडा जास्त लागेल, तो द्या.