नाशिकमध्ये भाड्यासाठी फ्लॅट: ८० टक्के कर्ज काढावं का?

हिशेबी
भाड्याने द्यायच्या फ्लॅटवर किमतीच्या निम्म्याहून जास्त कर्ज काढू नये, असं माझं ठाम मत आहे. समजा, इंदिरानगरात ४० लाखांचा टू बीएचके घेतला, भाडं १३,०००. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांचं गृहकर्ज किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं, म्हणजे ३२ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. ६ टक्क्यांनी मुद्रांकाचे २ लाख ४० हजार, नोंदणीचे ३० हजार. एकूण खिशातून १० लाख ७० हजार.

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण २७,७७० बसतो. भाडेकरू बदलताना महिनाभर घर रिकामं राहतं, म्हणून वर्षाचं भाडं अकरा महिन्यांचंच धरा: १,४३,०००. त्यातून मेंटेनन्स २४,०००, घरपट्टी ६,०००, रंग-प्लंबिंग १०,००० वजा केले की उरतात १,०३,०००. हप्ते ३,३३,०००. दरमहा १९,००० पगारातून घालावे लागतात. नोकरी गेली की हाच फ्लॅट पडत्या भावात विकावा लागतो.

गंगापूररोडकर
हप्त्याची सगळी रक्कम खर्चात धरलीत, तिथेच गणित चुकलं. पहिल्या वर्षी त्यातले जवळपास ६४,००० मुद्दलात जातात. तो तुमचाच पैसा आहे. शिवाय भाड्यातून भरलेली घरपट्टी आणि ३० टक्के सरसकट वजावट काढून २ लाख ६९ हजारांचं व्याज वजा केलं, की घराच्या उत्पन्नात सुमारे १ लाख ७३ हजारांचा तोटा दिसतो. वर्षाला २ लाखांपर्यंतचा असा तोटा पगारातून वजा होतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह ५४,००० वाचले.

हिशेबी
ते जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत घराचा तोटा पगारातून वजा करता येत नाही, आणि आता बहुतेक पगारदार नव्या प्रणालीत आहेत. तुमच्याच पद्धतीने पुढे जाऊ. वर्षाची तूट २ लाख ३० हजार, मुद्दल वगळता १ लाख ६६ हजार. खिशातले १० लाख ७० हजार एफडीत ठेवले असते तर ७ टक्क्यांनी ७५,००० मिळाले असते, तेही गेले. म्हणजे नुसतं बरोबरीत यायला पहिल्या वर्षी भाव ६ टक्क्यांनी वाढायला हवा. जुन्या प्रणालीत पावणेपाच टक्के पुरतात. दरवर्षी ६ टक्के वाढेल असं कोणत्या इमारतीकडे बघून सांगायचं?

अंबडलिंक
मग टू बीएचकेच का? भाडं मागणीवर ठरतं. अंबड-सातपूर एमआयडीसीत काम करणाऱ्या छोट्या कुटुंबाला पाथर्डी फाट्याजवळचा वन बीएचके पुरतो. २४ लाखांचा घ्या, १२ लाख स्वतःचे, १२ लाखांचं कर्ज १५ वर्षांनी. हप्ता ११,८००, भाडं ८,५००. अकरा महिन्यांच्या भाड्यातून २५,००० खर्च काढला तरी दरमहा तूट ६,००० च्या आसपास, आणि ती सोसवते.

बघायला जाल तेव्हा वॉचमनला तीन गोष्टी विचारा: उन्हाळ्यात टँकर येतो का, लिफ्ट किती वेळा बंद पडते, किती फ्लॅट रिकामे आहेत. तिसऱ्याचं उत्तर एजंट कधीच खरं देत नाही. नवीन नाशिकमधल्या सिडकोच्या योजनांतलं घर घेत असाल तर जमीन भाडेपट्ट्यावर असू शकते, त्यामुळे सिडकोकडची हस्तांतराची नोंद बघितल्याशिवाय इसार देऊ नका. मूळ नकाशाबाहेर वाढवलेल्या खोल्या बँकेचा व्हॅल्युअर मोजत नाही. भाव त्या खोल्यांसकट सांगितला जातो, कर्ज त्या सोडून मिळतं.

गंगापूररोडकर
वन बीएचकेत भाडेकरू लवकर बदलतो, हे सोयीस्कर गाळलंत. दर बदलीला रंग आणि एजंटची दलाली, वरून रिकामा महिना. शिवाय १२ लाख अधिक मुद्रांक-नोंदणीचे १ लाख ६८ हजार, म्हणजे खिशातून पावणेचौदा लाख गेले, टू बीएचकेपेक्षा तीन लाख जास्त. जुन्या इमारतीत तर भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर बँका मागे हटतात. आणि २०२७ च्या कुंभासाठी पंचवटीत आताच घर घ्या म्हणणाऱ्यांना विचारा, अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत, त्यानंतरचे हप्ते कोण भरणार?

अंबडलिंक
कुंभाचं पटलं. पंचवटीतच काय, गोदावरी किंवा नासर्डीच्या काठाला कुठेही घेताना निळी आणि लाल पूररेषा नगररचना विभागात तपासा. २००८ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते आजूबाजूचे दुकानदार सांगतात. तळमजला स्वस्त मिळत असेल तर कारण बहुतेक हेच असतं.

दस्तनोंदणी
कर्जावर इतकं बोललात, करारावर कोणीच नाही. लिव्ह अँड लायसन्स नोंदणीकृत असणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ ने सक्तीचं आहे आणि जबाबदारी मालकाची. अकरा महिने, १३,००० भाडं, ५०,००० अनामत असेल तर मुद्रांक पाव टक्क्याने चारशेच्या आत येतो, शहरात नोंदणी फी १,०००. एवढे वाचवायला नोटरीवर भागवलं तर पुढे वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जाऊ शकतात. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते.

सोसायटी भाडेकरू ठेवला म्हणून जादा पैसे मागत असेल, तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ते मोजताना घरपट्टी धरायची नाही. सोसायटीचं बिल हातात घेऊन ओळ न् ओळ तपासा.