मदत हवी आहे: प्लाझ्मादात्याची पुढची तारीख कशी धरायची?

रक्तकेंद्रात काम करणाऱ्यांना प्रश्न. आपल्याकडे प्लाझ्माफेरेसिसला (मशीननं फेऱ्याफेऱ्यांनी रक्त काढून फक्त प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, ठेवायचा आणि बाकीचं परत द्यायचं) एका वेळी ५०० मिली, तेही पंधरवड्यातून एकदा, महिन्याला १००० मिलीच्या वर नाही. अमेरिकेत आठवड्यातून दोनदा चालतं. ते वाचून आलेला दाता हुज्जत घालतो, ते सोडा. तांबड्या पेशी परत जातात, पण प्रथिनं भरून यायला वेळ लागतो. म्हणून १०० मिलीमागे ६ ग्रॅमच्या खाली रक्तातलं टोटल प्रोटीन (एकूण प्रथिनं) असेल तर दात्याला थांबवायचं, इथवर ठीक.

अडतं ते पुढे. शेवटच्या फेरीत नळीत गुठळी झाली, मशीन थांबलं, किटमधलं (मशीनला लावलेल्या नळ्या-पिशव्यांच्या संचातलं) रक्त परत गेलंच नाही. मशीनवर फक्त प्लेटलेट देणाऱ्या दात्याला अशा वेळी, तांबड्या पेशी गेल्या म्हणून, संपूर्ण रक्तदानासाठी २८ ऐवजी ९० दिवस थांबवतात. प्लाझ्मादात्यालाही तुम्ही तेच लावता, की किटमध्ये किती मिली अडकलं ते बघून ठरवता?

आणि सायट्रेटमुळे (रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये मिसळतात ते) ओठांना मुंग्या आल्या, म्हणून २०० मिलीवर थांबवलं, रक्त मात्र पूर्ण परत दिलं, तरी पुढच्या तारखेसाठी पूर्ण पंधरवडा मोजायचा का? रजिस्टरला नोंद कशी करता, तेही लिहा.