मदत हवी आहे: आठवीत लैंगिक शिक्षण, समितीचा ठराव अडलाय

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. वर्ग मुलामुलींचा एकत्र. वयात येण्यावर काही तासिका घ्यायच्यात, पण मुख्याध्यापकांना शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव हवाय. 'गुड टच, बॅड टच'ला कुणाची हरकत नाही. पाळी, गर्भधारणा म्हटलं की समितीतल्यांचं "पोरं बिघडतील" आणि "२००७ साली सरकारनंच बंदी घातली होती ना?" हे ठरलेलं.

बंदी घातली होती हे खरं. म्हणून २०१२ चा पॉक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) आणि २०२० पासूनचा केंद्राचा शालेय आरोग्य कार्यक्रम (त्यात प्रजनन आरोग्य हा विषयच आहे) समजावून सांगितला. ऐकून घेतात, सही करत नाहीत.

वर्गात प्रश्नपेटी ठेवलीय. एकीची चिठ्ठी: "पाळी आली की शाळा सोडावी लागते का?" एका मुलाची: "स्वप्नदोषावर औषध कुठं मिळतं?" जीव तुटतो वाचून. ही लेकरं विचारणार कुणाला?

बऱ्याच आया विड्या वळतात, माल देऊन संध्याकाळीच मोकळ्या होतात, घरी तेलुगू बोलतात. बाहेरची संस्था बोलवायला परवानगी नाही. मुलामुलींना वेगळं बसवायची तयारी आहे, मुलांना वगळायची नाही.

ज्यांच्या शाळेत असा ठराव झालाय त्यांनी सांगा: आधी आयांची वेगळी बैठक घेतलीत का, पालकांना पूर्ण मजकूर दाखवलात की नुसती रूपरेषा, आणि ठरावात 'लैंगिक शिक्षण' असं स्पष्ट लिहिलंत की 'किशोरवयीन आरोग्य'?