विषय: हिरव्या माणसाचं कार्ड (ज्यांचे आईबाबा सध्या इथे आहेत त्यांच्यासाठी)

नमस्कार मंडळी,

आई दोन महिन्यांपूर्वी नाशिकहून सिंगापूरला आली. वय ७४. गुडघे कुरकुरतात, पण सकाळचं चालणं सोडत नाही. ब्लॉकसमोरचा रस्ता ओलांडला की भाजीबाजार आणि कॉफीशॉप. क्रॉसिंगच्या खांबावर बटणाच्या वर कार्ड टेकवायची एक पेटी आहे. रोज साडेसातला तिथे एक चिनी आजी येतात, हातात चाकांची पिशवी. त्या आपलं कार्ड टेकवतात, सिग्नलवरचा हिरवा माणूस जरा जास्त वेळ राहतो आणि दोघी रमतगमत पलीकडे जातात. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आईने हे इतक्या कौतुकाने सांगितलं, की त्या आजी नसतील तेव्हा काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

गेल्या मंगळवारी त्या नव्हत्या. आईने आपलं बसचं कार्ड टेकवलं, उपयोग शून्य. अर्ध्या रस्त्यात पोचते न पोचते तोच हिरवा लुकलुकायला लागला. "तो नाचायला लागला म्हणून मी पळाले," इति आई. पळताना चप्पल निसटली, आणि ती घ्यायला बाई मागे वळल्या! टॅक्सीवाला थांबून राहिला म्हणून निभावलं. संध्याकाळी मी मोबाईल घेऊन मोजलं. हिरवा लागल्यापासून लाल होईपर्यंत १९ सेकंद. आईला तिच्या चालीने २५ लागतात.

तिच्या कार्डावर ही सोय कशी चालू करायची? कुणी करून घेतली आहे का?

सेंगकांगची लेक

*

रे: हिरव्या माणसाचं कार्ड

थोडं अवांतर. गणपतीत मंडळाचं मोठं मोदकपात्र कुणी नेलं होतं? झाकण माझ्याकडे आहे.

(सगळ्यांना गेलं का? सॉरी.)

*

रे: रे: हिरव्या माणसाचं कार्ड

वयाने लहान असशील म्हणून अगं म्हणतो. आधी वाईट बातमी सांगून टाकतो: आईच्या कार्डावर ती सोय होणार नाही. 'ग्रीन मॅन प्लस' २००९ साली सुरू झालं तेव्हापासून ते ज्येष्ठांच्या सवलतीच्या कार्डावर चालतं, आणि ते कार्ड साठी उलटलेले नागरिक आणि पीआर (कायमचे रहिवासी) यांनाच मिळतं. आई पाहुणी. माझ्याकडे आहे, मी रोज टेकवतो. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद वाढवून मिळतात. तुझ्या आईला सहाच कमी पडतायत, म्हणून जास्त चुटपुट लागते. गुडघा पासपोर्ट बघून दुखत नाही, पण नियम नियम आहे.

आता जे हातात आहे ते. तिला सांग, लुकलुकणारा हिरवा म्हणजे "पळ" नव्हे. जो अजून कडेला उभा आहे त्याने पाऊल टाकू नये, जो निघालाय त्याने आपल्या चालीने जावं, एवढाच त्याचा अर्थ. आपण आयुष्यभर गाडीवाल्याच्या डोळ्यात बघून, हात दाखवून रस्ता ओलांडलेली माणसं. आपल्याला दिवा म्हणजे गाडी सुटायची घंटा वाटते. दुसरं, क्रॉसिंगला पोचल्यावर आधीच हिरवा दिसला तर तो सोडून द्यायचा. त्यातला किती उरलाय ते आपल्याला ठाऊक नसतं. बटण दाबून पुढच्या ताज्या हिरव्याची वाट बघायची. माझ्या बायकोला हे पटवायला एक वर्ष लागलं.

आणि सरळ क्रॉसिंगपेक्षा चौक वाईट. आपल्याला हिरवा असतो, त्याच वेळी उजवीकडे वळणाऱ्या गाडीलाही साधा हिरवा असू शकतो. तो ड्रायव्हर समोरून येणाऱ्या गाड्यांत फट शोधत असतो. फट मिळाली की मुसंडी मारतो, आणि झेब्रावर आपण. त्याची नजर आपल्याकडे नसतेच. २०१८ नंतर बऱ्याच चौकांत उजव्या वळणाला वेगळा लाल-पिवळा-हिरवा बाण बसवला. तसा बाण आहे का बघ. असेल तिथूनच आईला ने, चार पावलं जास्त पडली तरी चालतील.

आमच्या भागात 'सिल्व्हर झोन' आहे. २०१४ पासून ज्येष्ठ जास्त राहतात अशा वस्त्यांत करतायत. बघायला गंमत वाटते: रस्ता मुद्दाम नागमोडी, लेन अरुंद, वेगमर्यादा ५० ची ३० किंवा ४०, आणि मधोमध बेट. आधी उजवीकडून येणाऱ्यांपुरता विचार, बेटावर दम खायचा, मग दुसरी बाजू. कार्ड लागत नाही, पासपोर्ट लागत नाही. तुमच्या मागच्या रस्त्याला असं बेट आहे का, एकदा चालून बघ. आईला घेऊन, तिच्या चालीने. तुझ्या चालीने बघशील तर सगळे रस्ते सोपेच वाटतील.

एक विसरलो. कंटाळून मधूनच रस्ता ओलांडायला लावू नकोस. क्रॉसिंगपासून ५० मीटरच्या आत तो गुन्हा आहे, आणि त्या आळसात जीवही जातो.

बेडोकचे काका

*

रे: रे: रे: हिरव्या माणसाचं कार्ड

काकांशी सहमत, पण आमच्या बाबांना लागलं ते रस्त्यावर नाही, बसमध्ये. एसटीची सवय: स्टॉप यायच्या आधीच पिशव्या घेऊन दाराशी. इथल्या बसने ब्रेक मारला आणि ते खांबावर आदळले. खांद्याला आठ टाके.

नंतर शांतपणे विचारलं तर कारण भलतंच निघालं. उतरताना कार्ड टेकवलं नाही तर शेवटच्या स्टॉपपर्यंतचं भाडं कापतात, हे मीच त्यांना आल्याच्या दिवशी बजावून सांगितलं होतं. दार बंद होईल आणि कार्ड राहून जाईल या धास्तीने ते दोन स्टॉप आधी उठायचे. माझ्या त्या डॉलरभराच्या उपदेशाची किंमत आठ टाके. आता सांगितलंय, घंटा दाबा, बसून राहा, बस थांबली की उठा, दारातल्या यंत्रावर टेकवा. राहिलं तर राहिलं, पैसे मी देतो.

सेंगकांगच्या ताई, १९ सेकंदांचं वनसर्व्हिस या सरकारी तक्रारींच्या अ‍ॅपवर कळवा. फोटो आणि खांबाचा नंबर टाका. पलीकडे बाजार आहे, म्हातारी माणसं रोज जातात, हे आवर्जून लिहा. नुसतं "वेळ कमी आहे" लिहिलंत तर कुणाला काय कळणार?

तांपिनीस

*

रे: रे: रे: रे: हिरव्या माणसाचं कार्ड

काका, तांपिनीसकर, दोघांचे आभार. बाबांचा खांदा आता कसा आहे?

रविवारी आईबरोबर तिच्या चालीने फिरले. लाज वाटली. तीन वर्षं इथे राहून मागच्या रस्त्याला बेट आहे हे मला माहीत नव्हतं. तिथून बाजार सात मिनिटं लांब पडतो, पण वाटेत दोन बाक आहेत आणि बराचसा रस्ता छपराखालून. बेटावर उभी राहून आई म्हणाली, "इथे जरा टेकायला हवं होतं." तेवढं मात्र नाही.

अ‍ॅपवर तक्रार टाकली, उत्तराची वाट बघतेय. चपलेला मागून पट्टा लावून घेतलाय.

मागचा रस्ता ठरला, फक्त गुरुवार सोडून. गुरुवारी आई पुढच्या क्रॉसिंगलाच जाणार म्हणते. त्या चिनी आजी परत यायला लागल्यात, आणि त्यांना डब्यातून खोबऱ्याच्या वड्या द्यायच्या आहेत. आजी आल्याच नाहीत तर हिरव्याच्या नादी न लागता वड्यांसकट घरी परत यायचं, एवढं कबूल करून घेतलंय.

मोदकपात्र आमच्याकडे आहे. झाकण शनिवारी घेऊन या.

सेंगकांगची लेक