एका दिवसाची सहल: किनारा कसा निवडता? अनुभव सांगा

सुट्टीचा एकच दिवस हाताशी असतो, नकाशावर ओळीने किनारे दिसतात आणि शेवटी फोटो बघून त्यातला एक ठरतो. तो फोटो भरतीचा की ओहोटीचा, हेही कळत नाही. तुम्ही कसं ठरवता? ‘गर्दी नसेल तो’ एवढंच उत्तर नको, ते सगळ्यांनाच हवं असतं!

*

माझं सगळं भरती-ओहोटीच्या कोष्टकावर. किनारा नंतर, वेळ आधी. बहुतेक ठिकाणी भरतीचं पाणी पूर्ण ओसरायला साधारण सव्वासहा तास लागतात आणि ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत जवळजवळ उलटापालट होते. मागच्या शनिवारी सकाळी जिथे ऐसपैस वाळू होती, तिथे या शनिवारी त्याच वेळी पाणी थेट बांधाला लागलेलं असू शकतं. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण, तेव्हा अरुंद किनारे मी यादीतून काढूनच टाकते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार वरखाली होत नाही. तेव्हा कुठेही जा.

*

आमच्याबरोबर आई असते, गुडघे दुखतात. कोरड्या भुसभुशीत वाळूत तिला दहा पावलंही नको होतात, पण ओहोटीची ओली, घट्ट वाळू असली की ती आमच्या पुढे! त्यामुळे सपाट, बारीक वाळूचा किनारा आणि ओहोटीची वेळ. तोटा एकच: पाणी इतकं लांब जातं की डुंबायला आलेली पोरं कुरकुरतात.

*

पण पोरांना तोच बरा, असं माझं मत. वाळू जाडी असली की किनारा बहुधा उताराचा असतो. तिथे लाट अगदी पायाशी येऊन आदळते आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. मोठ्या माणसाचाही तोल जातो. फोटोत असे किनारे फार देखणे दिसतात, हीच पंचाईत.

*

मी पोहायला शिकवतो, म्हणून जरा लांबण लावतो. बाहेरगावचे लोक पाण्यात उतरायला नेमकी शांत पट्टी शोधतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्ये एका पट्ट्यात पाणी गप्प, थोडं गडद: बऱ्याचदा तिथूनच पाणी समुद्रात परत जात असतं. त्या ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका. दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्टीबाहेर या, मग किनाऱ्याकडे वळा. ते जमत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा. जीवरक्षक असलेला किनारा निवडा आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही, विषय संपला.

*

आमच्याकडे यजमान एका दिवसात पाच किनारे आखतात. दिवस गाडी लावायला जागा शोधण्यात जातो. मी आता दोनच ठेवते: एक सकाळी पाण्यासाठी, एक संध्याकाळी बसण्यासाठी.

*

दोनला अनुमोदन. दुपारी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, समुद्रावरचा वारा जोर धरतो आणि वाळू डोळ्यांत जाते. त्यामुळे दुसरा किनारा डोंगराच्या आडोशाचा, खाडीसारखा वळलेला असावा. आणि कृपया दिशा बघा! पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सूर्यास्ताची वाट बघत बसलेली मंडळी मी पाहिली आहेत.

*

खडकाळ किनाऱ्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही? डबक्यांतले खेकडे, समुद्रफुलं बघायची तर पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचावं आणि पाणी फिरलं की निघावं. भरती एकसारखी चढत नाही. पहिल्या तासात साधारण बारावा हिस्सा, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. मधल्या दोन तासांत मात्र जवळजवळ निम्मी. सुळक्याला वळसा घालून पलीकडच्या वाळूत गेलात तर परतीची वाट तेवढ्यात बुडते. बरोबर मुलं असतील तर आम्ही सुळक्याच्या अलीकडेच थांबतो.

*

एक राहिलं: मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस नाल्याच्या किंवा नदीच्या मुखाजवळचा किनारा टाळा. गावाची सगळी घाण तिथेच उतरते.